फिट थांबते ती कांद्यानं नव्हे, मेंदूच्या स्वतःच्या ब्रेकनं



आपल्याकडे कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी आकडी. दवाखान्यात फिट किंवा अपस्मार म्हणतात. नाव कोणतंही असो, बाजारात, कापसाच्या शेतात नाहीतर गटाच्या बैठकीत एखादीला फिट आली की काय धावपळ होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुणी कांदा फोडतं, कुणी पायातली चप्पल काढून नाकाला लावतं, कुणी हातात लोखंड देतं. दोन मिनिटांत झटके थांबतात. मग सगळे म्हणतात, "बघा, कांद्यानं उतरली!"

पण कांदा नसता हुंगवला तरी ती थांबलीच असती. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते, कारण मेंदूत ती थांबवायची सोय आधीच असते. ही सोय काय आहे आणि फिट वारंवार आली तर ती कशी बिघडते, हे या लेखात पाहू. हे एकदा समजलं की "दोन महिने फिट नाही, आता गोळी कशाला?" असं घरात कुणी म्हटलं तर काय सांगायचं, तेही कळेल.

फिट म्हणजे नेमकं काय?

आपल्या मेंदूत कोट्यवधी बारीक पेशी असतात. त्या एकमेकींशी बारीक विजेच्या आणि रसायनांच्या भाषेत बोलतात. एरवी हे बोलणं आपल्या बैठकीसारखं शिस्तीत चालतं. एक बोलते, दुसरी ऐकते. फिटमध्ये एका भागातल्या खूप पेशी एकाच वेळी ओरडायला लागतात. तो गोंधळ पसरला की शुद्ध हरपते, हातपाय ताठ होतात, झटके येतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो. काहींना झटके येत नाहीत. नुसतं टक लावून बघणं, ओठ चावत राहणं, बोललेलं न कळणं, एवढंच होतं. तीही फिटच असते.

यात बाहेरची बाधा नाही आणि हा शिवल्यानं लागणारा आजारही नाही. डोक्याला मार, बाळंतपणात लेकराला झालेली इजा, मेंदूतला ताप, अर्धांगवायू, पोटातल्या पट्टकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जाऊन मेंदूत झालेली गाठ, अशी त्याची कारणं असतात. काहींच्या घराण्यातच तो असतो. पुष्कळदा कारण सापडतही नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे.

डोक्यातली अफू

आता थोडी वेगळी गोष्ट. जुन्या काळी मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी चाटवायच्या. लेकरू दिवसभर झोपून राहायचं. त्यातून किती लेकरांचं नुकसान झालं असेल! पण शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की अफू तर झाडाचा चीक, मग ती माणसाच्या मेंदूवर इतकी चालते कशी? कुलूप असल्याशिवाय किल्ली चालत नाही. म्हणजे मेंदूत अफूसाठी कुलूप असलंच पाहिजे.

१९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ते कुलूप दाखवून दिलं. मग पुढचा प्रश्न. देवानं म्हणा, निसर्गानं म्हणा, हे कुलूप खसखशीच्या झाडासाठी तर केलं नसेल. मेंदूची स्वतःची किल्लीही असणारच. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूतून ती सापडली. तिचं नाव एन्केफॅलिन, म्हणजे ग्रीक भाषेत "डोक्यातलं". १९७९ मध्ये ॲव्हरम गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेनं आणखी एक शोधली. ती इतकी जोरकस होती की तिला "ताकद" या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डायनॉर्फिन नाव दिलं.

हे पदार्थ म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे. त्यांना पेप्टाइड म्हणतात. पोतीचे मणी आठवा. पेशी आधी मण्यांची लांब पोत ओवते आणि मग ती ठरावीक जागी तोडून छोटे सर करते. एन्केफॅलिन ५ मण्यांचं, डायनॉर्फिन १७ मण्यांचं. हे सर बनवायचा हुकूम पेशीच्या आतून चिठ्ठीसारखा निघतो. चिठ्ठ्या जास्त निघाल्या की माल जास्त बनतो, कमी निघाल्या की कमी. ही चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढं तिचंच काम आहे.

फिटच्या वेळी बचतीची पेटी उघडते

मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा आहे. नवीन गोष्टी लक्षात ठेवायचं काम तो करतो. मोठ्या माणसांच्या पुष्कळ फिट याच भागातून किंवा त्याच्या शेजारून सुरू होतात.

इथल्या काही पेशी पुढच्या पेशीला "पेट घे" असा निरोप देतात, आणि त्याच पेशींच्या टोकाशी डायनॉर्फिनही साठवलेलं असतं. साधं काम चालू असेल तेव्हा ही साठवण जवळपास बंद राहते. गोंधळ वाढला, पेशी फार जोरात पेटायला लागल्या, की पेटी उघडते आणि डायनॉर्फिन बाहेर येतं. ते कप्पा नावाच्या कुलपात बसतं आणि निरोप देणाऱ्या टोकाला सांगतं, "बास, आता कमी बोल." म्हणजे आगीचा निरोप देणारीच हातात पाण्याची बादली घेऊन उभी असते.

आपल्या गटाची बचत अशीच असते की नाही? रोज तिला हात लावत नाही. अडचण आली की त्यातूनच कर्ज काढतो. फिट ही मेंदूची मोठी अडचण. तेव्हा ही बचत खर्च होते.

फिट थांबवणारा हा एकच ब्रेक नाही. मेंदूत गाबा आणि अडेनोसिन असे दुसरे शांत करणारे पदार्थही आहेत. सगळे मिळून गोंधळ आवरतात. पण अफूच्या घराण्यातल्या पदार्थांचाही त्यात वाटा आहे, हे प्रयोगात दिसलं. उंदरांना विजेचा झटका देऊन फिट आणली की त्यानंतर थोडा वेळ दुसरी फिट सहज येत नाही. पण अफूचं कुलूप बंद करणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं की ते संरक्षण कमी होतं. म्हणजे फिटच्या वेळी मेंदूनं सोडलेली स्वतःची "अफू" त्याला राखत होती.

पुढच्या हप्त्याची चिठ्ठी

पेटीतून पैसे काढले की ते परत भरावे लागतात. मेंदूत हे भरणं कसं होतं? १९८७–८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टीन गॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये वारंवार फिट आणून पुढच्या काही दिवसांचा हिशेब पाहिला. त्यांना दोन उलट्या गोष्टी दिसल्या.

पहिली, एन्केफॅलिनच्या चिठ्ठ्या भराभर वाढल्या आणि त्याचा साठा कितीतरी जास्त झाला.

दुसरी, डायनॉर्फिनचा साठा मात्र घटला. फिटमध्ये खर्च झालेली बचत पुरेशी भरली गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, "एक कमी झालं, दुसरं वाढलं, मग हिशेब बरोबर झाला की." तसं नाही. हे दोघं एकाच घराण्यातले असले तरी हिप्पोकॅम्पसमध्ये त्यांची कामं वेगळी आहेत. डायनॉर्फिन ओरडणाऱ्या पेशीला गप्प करतं. एन्केफॅलिन इथं बहुतेक वेळा, गप्प करणाऱ्या पेशीलाच गप्प करतं. वर्गात गोंधळ चाललाय आणि बाईंनाच कुणी बाहेर बसवलं, तर काय होईल? गोंधळ वाढेल. म्हणजे वारंवार फिट आल्यावर ब्रेक लावणारं कमी पडतं आणि ब्रेक सोडायला लावणारं वाढतं.

गडाचा घाट उतरताना गाडीचा ब्रेक सारखा दाबला तर तो तापतो आणि नीट लागत नाही. इथंही तसंच समजा. एखादी फिट आली म्हणून मेंदू खराब झाला, असं नाही. पण फिट येतच राहिल्या, उपचारच झाला नाही, तर पुढची फिट यायला मेंदू जास्त तयार होऊ शकतो. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावं असं शास्त्रज्ञ मानतात.

ही माहिती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगातली आहे, हेही लक्षात ठेवू. जिवंत माणसाचा मेंदू उघडून पेटी मोजता येत नाही. तरी २००७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी खास फोटोच्या यंत्रानं काही रुग्णांचे मेंदू फिटनंतर काही तासांत पाहिले. कानामागच्या भागातली अफूची कुलपं तेव्हा बदललेली दिसली. माणसाच्या मेंदूतही फिटनंतर या व्यवस्थेत उलथापालथ होते, याचा तो पुरावा आहे.

फिटनंतर ती गुंगीत का असते?

झटके थांबले तरी ती बाई लगेच उठून बोलत नाही. डोळे उघडे असतात पण ओळख पटत नाही. काही बरळते. कुणी हात धरला तर झटकते. मग गाढ झोपते. पंधरा मिनिटं, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. इथंच घरचे घाबरतात. "अंगात काहीतरी शिरलंय," म्हणून तिला हलवतात, पाणी मारतात, कुठं मांत्रिकाकडे नेतात.

मेंदूनं आत्ताच मोठी आग विझवलेली असते. विझवणारे सगळे पदार्थ अजून पेशींच्या अवतीभवती असतात. त्यात मेंदूची स्वतःची अफूही असते. पेशी दमलेल्या असतात. गुंगी येते ती त्यामुळे. तिला या वेळी मारायची, धुरी द्यायची नाही, तर कुशीवर शांत झोपू द्यायची गरज असते.

भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. रेणुकामातेच्या गडावर नवस बोलला असेल तर तो आनंदानं फेडा. देवीला गोळीची अडचण नाही. उपवासातही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. मात्र नवरात्राचं रात्रभराचं जागरण फिटच्या माणसाला नको. झोप मोडली की फिट येऊ शकते.

मग अफूचंच औषध दिलं तर?

असा विचार कुणाच्या मनात आला तर तो तिथंच सोडा. बाहेरून घेतलेली अफू, पोस्त किंवा नशेच्या गोळ्या मेंदूतली सगळी कुलपं एकदम उघडतात. त्यातून श्वास थांबू शकतो. दुखण्यासाठी मेडिकलवाला देतो त्यातली ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची गोळी तर फिट आणू शकते. घरात फिटचा रुग्ण असेल तर दुखण्याची कोणतीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.

डायनॉर्फिनचाच उपचार करता येईल का, यावर काम चालू आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत डायनॉर्फिन बनवायची चिठ्ठी नेऊन ठेवली आणि त्यांच्या फिट कित्येक महिने आवरल्या. ही फार आशेची गोष्ट आहे, पण ती अजून प्रयोगशाळेतली आहे. उद्या कुणी बाजारात "मेंदूची ताकद वाढवणारी पुडी" विकायला आलं तर त्याला हे सांगा आणि वाटेला लावा.

रोजची गोळी काय करते?

फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट या आपल्याकडच्या नेहमीच्या गोळ्या. त्या अफूच्या जातीच्या नाहीत. काही गोळ्या पेशीला पुन्हा पुन्हा पेटू देत नाहीत, काही शांत करणाऱ्या गाबाला जोर देतात. त्यांचा उद्देश एकच, फिट येऊच नये. फिट आलीच नाही तर बचतीची पेटी फोडायची वेळही येत नाही. नीट उपचार मिळाले तर दर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून "दोन महिने फिट नाही" याचा अर्थ आजार गेला असा नाही. गोळी काम करतेय असा आहे. गोळी एकदम बंद केली तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट नसेल, तर डॉक्टरच विचार करून गोळी हळूहळू कमी करतात. घरच्यांनी किंवा शेजारणीनं ठरवायची ही गोष्ट नाही.

बाईच्या वाट्याला दुहेरी त्रास

मुलाला फिट येते तेव्हा घर औषध शोधतं. मुलीला येते तेव्हा घर ती लपवतं. "लग्न मोडेल" म्हणून गोळी बंद करून मुलगी सासरी पाठवली जाते आणि तिथं चुलीपाशी फिट येऊन ती भाजते. हे आपल्या भागात नवीन नाही.

कायदा काय म्हणतो ते प्रत्येक गटाला माहीत पाहिजे. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिटचा आजार लग्नाला अडथळा धरला जायचा. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या फिटच्या अनुभवातून संवेदना फाउंडेशन हा मदतगट उभा केला. आजार न लपवता जगता येतं, हे तिथं येणारे एकमेकांना सांगतात.

दिवस जायच्या आधीच डॉक्टरांना भेटा. व्हॅल्प्रोएटनं पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर शक्यतो दुसरी गोळी देतात आणि फोलिक ॲसिड सुरू करतात. पण दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून स्वतःच गोळी सोडू नका. पोटुशी बाईला मोठी फिट आली तर तिला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. अंगावर पाजणंही बहुतेक आयांना चालतं. डॉक्टरांना विचारून पाजा.

समोर फिट आली तर

- घाबरू नका. घड्याळ बघा, कितीला सुरू झाली ते लक्षात ठेवा.
- चूल, विळा, पाणी, दगड जवळ असेल तर बाजूला करा. डोक्याखाली पदर किंवा चवाळं द्या.
- गळ्यापाशी कपडा सैल करा. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल.
- हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, लोखंड यांचा उपयोग नाही.
- पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. कुठं भाजलं, लागलं का ते बघा, कारण तिला ते कळलेलं नसतं.
- फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्धीवर न येता दुसरी आली, पाण्यात आली, बाई पोटुशी असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत एवढं करू

एक, गावात, तांड्यावर, वस्तीवर फिट येणारं कोण आहे, हे आशाताईंच्या मदतीनं गुपचूप समजून घ्या. नाव बोर्डावर नको, वहीतही नको. दोन, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा माहूरच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. सरकारी दवाखान्यात फिटच्या नेहमीच्या गोळ्या मोफत असतात. मोठ्या तपासणीसाठी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. जाताना शक्य असेल तर फिटचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या. डॉक्टरांना त्याची फार मदत होते. तीन, मजुरीला लांब जाणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला निघण्याआधी पुरेशा गोळ्या घेऊन द्या. गोळ्या बहुतेक तिथंच चुकतात. नांदेडच्या फेरीसाठी भाडं कमी पडत असेल तर ते गटाच्या अंतर्गत कर्जातून द्या.

मेंदू आपली बचत आपल्या परीनं राखतोच. ती वारंवार फोडायला लागू नये, एवढं काम आपल्याला गोळी आणि आपली सोबत देऊन करता येतं.